सलाईन, सूज आणि टाके: बाबांच्या ऑपरेशननंतरची वही

माळरान | रविवार, सकाळी १०:२०

मंडळी, बाबांच्या मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनला आज एकोणीस दिवस झाले. वय ७१, ऑपरेशनआधीचं वजन ५८ किलो, उजव्या बाजूचं आतडं काढून जोड दिलाय. गाठीचा रिपोर्ट चांगला आलाय, ती काळजी मिटली. धागा काढतेय तो जखमेसाठी. वरचे आणि खालचे टाके छान सुकले, पण बेंबीजवळची चार सेंटिमीटर जागा अजून उघडी आहे आणि रोज ड्रेसिंग करावं लागतं.

झालं ते क्रमाने सांगते. पहिले तीन दिवस सलाईन अखंड चालू होतं. रोज सहा बाटल्या, म्हणजे तीन लिटर, शिवाय अँटिबायोटिकच्या छोट्या बाटल्या वेगळ्या. आम्हालाही बरंच वाटत होतं, कारण बाटली लटकतेय म्हणजे उपचार चाललेत अशी आमची समजूत. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी स्टँडकडे बघायचा. एक बाटली संपत आली की मीच सिस्टरना बोलवायला पळायचे. तिसऱ्या दिवशी बाबांचे पाय सुजले, हाताची बोटं फुगली, अंगठी निघेना. पोटावरची कातडी ताणून चकचकीत दिसायला लागली आणि टाक्यांमधून पाणी पाझरायला लागलं. त्या दिवशी राउंडला वेगळे डॉक्टर होते. त्यांनी बाबांना वजनकाट्यावर उभं केलं, तर ६२.४ किलो. तीन दिवस पोटात अन्न नाही आणि वजन साडेचार किलो जास्त. त्यांनी तिथल्या तिथे सलाईन कमी केलं. पुढच्या दोन दिवसांत लघवीवाटे पाणी उतरलं, पण सहाव्या दिवशी मधले तीन टाके काढून आतलं साचलेलं पाणी आणि थोडा पू काढावा लागला.

आत्या तेव्हा हजर होती. ती म्हणाली, "पाणी पाजलंत म्हणून टाके पिकले." आमच्याकडे जुनं आहेच ते: ओल्या जखमेला पाणी देऊ नये, भात-वरण देऊ नये, पू धरतो. खरं सांगते, समोर पाझरणारी जखम बघून मलाही ते पटलं. नवव्या दिवशी बार्शीला घरी आणल्यावर बाबांना दिवसातून चार-पाच छोटे कप पाणी, एवढंच द्यायला लागलो. मे महिना, वर पत्रा. तेराव्या दिवशी बाबा न्हाणीघरात चक्कर येऊन भिंतीला टेकले. जीभ कोरडी ठाक, लघवी गडद. किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन १.० वरून १.९ वर गेलेलं. इथल्या डॉक्टरांनी दोन बाटल्या आरएल (रिंगर लॅक्टेट, रक्तातल्या क्षारांशी जास्त जुळणारं सलाईन) दिल्या आणि आम्हाला चांगलंच समजावलं. जखम बघून म्हणाले, तळ फिका पडलाय, रक्त पोचत नाहीये.

म्हणजे आधी जास्त पाण्याने बिघडलं आणि मग कमी पाण्याने. दोन्ही खरं कसं असेल? आत्याचं बरोबर होतं की चूक? आणि घरच्या माणसाने नक्की कशावर लक्ष ठेवायचं? जाणकारांनी सविस्तर लिहा, मी सगळं वहीत उतरवून घेतेय.

---

सातबारा | रविवार, दुपारी १:०५

बाबांना लवकर बरं वाटो. आमच्या भागात तर अंगात कणकण असली तरी माणूस "डॉक्टर, एक सलाईन लावा" म्हणतो. ताकद येते म्हणून. डॉक्टरने नाही म्हटलं तर दुसऱ्या दवाखान्यात जातो. ऑपरेशननंतर तर विचारूच नका. माझ्या चुलत्याच्या वेळी आम्ही सगळ्यांनी मिळून जास्तीच्या बाटल्या लावायला लावल्या होत्या. त्यांचीही जखम दीड महिना चालली. तेव्हा याचा संबंध असू शकतो हे मनातही आलं नाही.

---

वॉर्डातली ताई | रविवार, दुपारी ४:३०

माळरान, सर्जरी वॉर्डात अठ्ठावीस वर्षं काढली, म्हणून लिहिते. आधी सातबारा दादांच्या "ताकदी"बद्दल, कारण घोळ तिथूनच सुरू होतो.

डीएनएस म्हणजे साखर घातलेलं मिठाचं सलाईन. त्याच्या ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. कॅलरी जेमतेम शंभर. प्रथिनं शून्य. आणि मीठ साडेचार ग्रॅम. नॉर्मल सलाईनच्या (एनएस, नुसतं मीठ-पाणी) बाटलीतही मीठ तेवढंच. निरोगी माणसाने अख्ख्या दिवसात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते जवळजवळ सगळं एका बाटलीत आलं. तुमच्या बाबांच्या सहा बाटल्यांमध्ये समजा चार एनएस-डीएनएस असतील, तर अठरा ग्रॅम मीठ रोज. ऑपरेशन झालेलं शरीर पाणी आणि मीठ धरून ठेवतं, त्याला तशा संप्रेरकांचा हुकूमच असतो. ते बाहेर टाकायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून सूज.

दुसरी गोष्ट. पहिल्या दिवशी लघवी थोडी कमी झाली की नातेवाईक घाबरतात, कधी नवखे डॉक्टरही घाबरतात, आणि अजून एक बाटली चढते. पण त्या पहिल्या चोवीस तासांत शरीर मुद्दाम लघवी कमी करत असतं. बीपी, नाडी, हातपाय गरम आहेत का, रुग्ण नीट बोलतोय का, हे सगळं बघून ठरवायचं असतं. नुसत्या लघवीच्या पिशवीतल्या आकड्यावर नाही.

आणि ही कळकळीची विनंती, सगळ्यांनाच: सलाईनचं चाक स्वतः फिरवू नका. लवकर संपावं म्हणून रात्री चाक सैल करून ठेवलेलं मी कितीदा पाहिलंय. साध्या सेटला वीस थेंबांचा एक मिली होतो. मिनिटाला ३३ थेंब म्हणजे तासाला शंभर मिली, बाटली पाच तासांची. ती दीड तासात गेली तर वयस्कर हृदयाला आणि फुप्फुसाला झेपत नाही.

---

माळरान | रविवार, संध्याकाळी ६:१२

ताई, चाक मी स्वतः फिरवलंय, दुसऱ्या रात्री. लवकर संपलं तर बाबांना झोप लागेल म्हणून. कुणाला सांगितलं नव्हतं, आज लिहितेय.

---

वॉर्डातली ताई | रविवार, संध्याकाळी ६:४०

मन खाऊ देऊ नका. एका रात्रीच्या चाकाने साडेचार किलो वाढत नाहीत. तीन दिवस कुणी बेरीज केली नाही, ते खरं कारण.

---

देशावरचा | रविवार, रात्री १०:५५

मी भूलतज्ज्ञ आहे. "दोन्ही खरं कसं असेल" हा प्रश्न अगदी नेमका आहे, आमच्या क्षेत्रात यावर साठ वर्षं वाद चाललाय.

जखम भरते म्हणजे काय होतं ते आधी बघू. दोन कडा सांधणारा धागा म्हणजे कोलॅजन. तो पक्का व्हायला ऑक्सिजन लागतो, क जीवनसत्त्व लागतं, लोह लागतं. जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशींचं मुख्य हत्यारही ऑक्सिजनवरच चालतं. हा ऑक्सिजन जखमेपर्यंत आणतं ते रक्त. आता शरीरात पाणी कमी पडलं की शरीर मेंदू, हृदय वाचवायला काही नळ बंद करतं, आणि सगळ्यात आधी बंद होतात कातडीचे आणि आतड्याचे. बीपी नीट दिसतं, लघवीही बऱ्यापैकी असते, तोवर जखम उपाशी राहायला लागलेली असते. अमेरिकेतले सर्जन टॉमस हंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०-९० च्या दशकांत रुग्णांच्या ऊतींमध्ये बारीक नळी घालून ऑक्सिजन मोजला. जिथे तो कमी, तिथे जंतुसंसर्ग जास्त. तेराव्या दिवशी तुमच्या बाबांच्या जखमेचा तळ फिका दिसला, तो हा प्रकार.

यावरून एके काळी निष्कर्ष निघाला की भरपूर सलाईन द्या. शिवाय १९६१ मध्ये अमेरिकेतले सर्जन टॉम शायर्स यांनी मांडलं होतं की मोठ्या ऑपरेशनमध्ये बरंचसं पाणी शरीरातच एका "तिसऱ्या जागेत" अडकतं आणि ते भरून द्यावं लागतं. मग लिटरवर लिटर द्यायची पद्धत पडली. पण शिरेतून दिलेल्या एक लिटर सलाईनपैकी साधारण पाव ते एक तृतीयांशच तासाभराने रक्तवाहिनीत उरतं. बाकीचं पेशींमधल्या जागेत झिरपतं. पेशी आणि केशवाहिनी यांच्यात पाण्याची चिखलवाट तयार होते, ऑक्सिजनला जास्त अंतर कापावं लागतं, टाक्यांवर ताण येतो. आतड्याचा जोडही असाच सुजतो, पोट फुगतं, वारा सरत नाही, खाणं लांबतं. जर्मनीच्या फ्रायबुर्गमधल्या शल्यचिकित्सकांनी उंदरांवर हे तपासलं: जास्त सलाईन दिलेल्या उंदरांचा आतड्याचा जोड कमी दाबाला फुटला.

माणसांतला महत्त्वाचा अभ्यास डेन्मार्कचा, २००३ चा. आठ रुग्णालयं, मोठ्या आतड्याची ऑपरेशनं, १७२ रुग्ण. एका गटाला नेहमीसारखं सलाईन, दुसऱ्याला फक्त जेवढं गेलं तेवढंच भरून, वजन वाढू न देता. एकूण गुंतागुंत ५१ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आली. जखम आणि जोड भरण्याच्या तक्रारी ३१ वरून १६ टक्क्यांवर. त्याच्या आदल्याच वर्षी इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या एका छोट्या अभ्यासात, अवघे वीस रुग्ण होते त्यात, जास्त मीठ-पाणी मिळालेल्यांचं वजन तीन किलो वाढलं, जठर उशिरा रिकामं होऊ लागलं आणि ते घरी तीन दिवस उशिरा गेले.

मग काही जण दुसऱ्या टोकाला गेले, शक्य तितकं कोरडं ठेवा. त्याचं उत्तर २०१८ मध्ये मिळालं. पोटाच्या मोठ्या ऑपरेशनचे ३,००० रुग्ण, बरेच देश. पहिल्या चोवीस तासांत एका गटाला साधारण ३.७ लिटर, दुसऱ्याला ६.१ लिटर. वर्षभरानंतर जगण्यात, हिंडण्याफिरण्यात फरक नाही. पण कमी पाणी मिळालेल्यांत किडनीला इजा ८.६ टक्के, दुसऱ्या गटात ५ टक्के. आणि जखमेचा संसर्गही १६.५ विरुद्ध १३.६, तोही कोरड्या गटातच जास्त. हा संसर्गाचा फरक संख्याशास्त्राच्या कडक निकषावर पुरता टिकत नाही, पण दिशा दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

तुमच्या बाबांनी हे दोन्ही अभ्यास एकाच शरीरात भोगले. म्हणून मी भुलेच्या कागदावर सलाईन हे औषधांच्या रकान्यात लिहितो: कुठलं, किती, किती वेळात, आणि बंद कधी.

---

माळरान | सोमवार, सकाळी ७:३०

डॉक्टर, रात्री दोनदा वाचलं. मग बाबांच्या वजनाला योग्य आकडा किती होता?

---

देशावरचा | सोमवार, दुपारी २:१५

रुग्ण स्थिर असेल, उलट्या, ड्रेन (पोटातलं पाणी बाहेर काढणारी नळी), ताप यांतून वेगळं काही जात नसेल, तर रोजची गरज किलोमागे २५ ते ३० मिली. ५८ किलोला सुमारे दीड ते पावणेदोन लिटर. सोडियम (मिठातला मुख्य क्षार) किलोमागे १ मिलिमोल, हे क्षार मोजायचं एकक, म्हणजे ५८. नॉर्मल सलाईनच्या एकाच ५०० मिली बाटलीत ७७ असतं. यावरून अंदाज करा. नाकातल्या नळीतून, जुलाबांतून, ड्रेनमधून जे जातं ते त्यावर वेगळं मोजून भरायचं, आणि शक्यतो आरएलसारख्या द्रवाने. कारण नॉर्मल सलाईनमध्ये क्लोराइड (मिठातला दुसरा भाग) लिटरला १५४ मिलिमोल आणि आपल्या रक्तात जेमतेम शंभराच्या आसपास. ते बरंच जास्त दिलं की रक्ताची आम्लता वाढते, किडनीचा रक्तपुरवठा आखडू शकतो. जठरातलं पाणी उलटून जात असेल तर मात्र नॉर्मल सलाईनच योग्य, कारण तिथून क्लोराइडच जातं.

हे आकडे घेऊन कुणी वॉर्डात भांडायला जाऊ नये. हृदय, किडनी, रक्तस्राव, सेप्सिस (अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग) यांत गणित पार बदलतं. पण "आज एकूण किती गेलं, किती आलं, वजन किती" हे विचारायचा हक्क प्रत्येक नातेवाइकाला आहे.

---

उत्तरवारा | सोमवार, संध्याकाळी ५:५०

मी इंग्लंडमध्ये सर्जिकल वॉर्डात नर्स आहे, मूळची साताऱ्याची. इकडे मोठ्या आतड्याच्या रुग्णाला भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत साधं पाणी पिऊ देतात. त्यामुळे माणूस टेबलावर कोरडा जातच नाही, आणि ती तूट भरायला सलाईन ओतावं लागत नाही. ऑपरेशन झालं, शुद्ध आली, मळमळ नाही, की त्याच संध्याकाळी घोट घोट सुरू. बहुतेकांचं सलाईन दुसऱ्या दिवशी निघतं. याची सुरुवात कोपनहेगनचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी १९९० च्या दशकात केली.

माझ्या आईचं गावाकडे ऑपरेशन झालं तेव्हा "गॅस पास झाल्याशिवाय थेंब नाही" म्हणून चार दिवस कोरडी ठेवली होती, आणि शिरेतून मात्र पाणी चालूच. ओठ फुटलेले आणि पाय सुजलेले, एकाच वेळी. ते चित्र मी विसरत नाही. सगळ्यांना लवकर पाजता येत नाही हे मान्य. जोडाची काळजी असेल, पोट फुगलं असेल, तर सर्जनच ठरवतील. पण विचारा तरी.

अजून एक: पांघरूण. १९९६ च्या एका अभ्यासात मोठ्या आतड्याच्या २०० रुग्णांपैकी ज्यांचं अंग ऑपरेशनमध्ये उबदार ठेवलं त्यांच्या जखमेत संसर्ग ६ टक्के, आणि जे गार पडले त्यांच्यात १९ टक्के. थंडीनेही कातडीचे तेच नळ बंद होतात. थिएटरबाहेर रुग्ण कुडकुडत असेल तर ब्लँकेट मागायला लाजू नका.

---

रानजाई | सोमवार, रात्री ९:२०

मला इथे रडू आलं. सिझेरियन होऊन बारा दिवस झालेत. सासूबाई आणि आजेसासूबाई दोघी प्रेमाने करतात सगळं, पण पाणी मोजून. "पोट सुटेल, टाके ओले राहतील." दिवसाला तीन भांडी, तीही उकळून कोमट. बाळ अंगावर पितं. टाके खाजतात, एका टोकाला किंचित उघडलेत. लघवीला जळजळ. मी काय करू?

---

वॉर्डातली ताई | सोमवार, रात्री ९:४५

रानजाई, उद्या सकाळीच टाके दाखवून ये आणि लघवी तपासून घे. जळजळ आहे ती अंगावर काढू नकोस.

आणि पाणी पी, बाळा. प्यायलेलं पाणी पोटातून टाक्यांत जात नाही. ते आतड्यातून रक्तात जातं, रक्तातून दुधात आणि लघवीत. अंगावर पाजणाऱ्या बाईला तर जास्तच लागतं. तहान लागेल तेव्हा, आणि प्रत्येक पाजण्याच्या वेळी शेजारी तांब्या हवा. कोमट हवं तर कोमट, त्यात वाईट काही नाही. आजेसासूबाईंना असं सांगून बघ: "डॉक्टरांनी दुधासाठी सांगितलंय." दुधासाठी म्हटलं की घरातली म्हातारी माणसं स्वतः तांब्या भरून आणतात, माझा अनुभव आहे.

---

माळरान | मंगळवार, सकाळी ८:०५

म्हणजे आत्याने पाझरणारी जखम बघितली ते खरं, पण ते तोंडाने दिलेलं पाणी नव्हतं. तेव्हा तर बाबांना चमचाभरसुद्धा मिळत नव्हतं! मला हे आधी का सुचलं नाही.

---

वॉर्डातली ताई | मंगळवार, सकाळी ११:३०

हो. आणि वरण-भाताचंही तेच. जखमेला प्रथिनं लागतात. डाळ, अंडं, दूध, पनीर, चालत असेल तर मासे. लिंबू, आवळा, पेरू क जीवनसत्त्वासाठी. "आंबट नको, वातूळ नको" करत करत रुग्णाला नुसत्या साबुदाण्याच्या पेजेवर ठेवलं तर रक्तातलं अल्ब्युमिन (पाणी रक्तात धरून ठेवणारं प्रथिन) उतरलेलंच राहतं आणि सूज हटत नाही. बाबांना मधुमेह असेल तर साखरेकडेही लक्ष हवं, ती चढलेली असली की सगळं करूनही जखम रेंगाळते.

एक धोक्याची खूण मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. पोटाच्या ऑपरेशननंतर पाचव्या ते आठव्या दिवसाच्या सुमाराला अचानक ड्रेसिंग गुलाबीसर पाण्याने भिजलं, तर ती साधी सूज समजू नका. आतला थर सुटत असू शकतो. रुग्णाला आडवं झोपवा, जोर करू देऊ नका आणि लगेच डॉक्टरांना बोलवा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

---

तुषार_क | मंगळवार, दुपारी ३:४०

माझी अडचण उलटी आहे. वडिलांचं लहान आतडं पोटावर बाहेर काढून त्याला पिशवी लावलीय, आठवडा झाला घरी येऊन. पिशवीतून दिवसाला दोन लिटरच्या आसपास पाणी जातं. आम्ही भरपूर पाणी पाजतोय, तीन-साडेतीन लिटर, तरी ते वाळत चाललेत. पायात गोळे येतात. जखमही जैसे थे.

---

देशावरचा | मंगळवार, दुपारी ४:०५

तुषार, आजच सर्जनला फोन करा. दोन लिटर हे जास्त आहे. सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन तपासून घ्या.

आणि साधं पाणी वाढवू नका. ऐकायला विचित्र वाटेल, पण लहान आतड्याच्या वरच्या भागात साधं पाणी गेलं की आतडं स्वतःचं मीठ त्यात सोडतं, आणि ते मीठ पाण्यासकट पिशवीत जातं. जितकं पाजाल तितकं वाळतील. साधं पाणी, चहा, सरबत मिळून दिवसाला लिटरच्या आत, आणि बाकीची तहान ओआरएसने. साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात एकत्र असलं की आतड्याची दारं उघडतात आणि पाणी आत ओढलं जातं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर कॉलऱ्याची हजारो माणसं वाचवली, सलाईन संपलं होतं तेव्हा. पाकीट घ्या, लिटरभर पाण्यात अख्खं एक. अर्धं पाकीट ग्लासात अंदाजाने नको. पिशवीत येणारं पातळ घट्ट करायच्या गोळ्या सर्जन देतील.

---

तुषार_क | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

बोललो. सोडियम कमी आलंय, ॲडमिट करतायत. फोन केला नसता तर उद्याही पाणीच पाजत बसलो असतो.

---

माळरान | शुक्रवार, सकाळी ९:००

वहीचे रकाने असे आखलेत: वेळ, पोटात काय गेलं (मिलीत), लघवी, ड्रेसिंग किती भिजलं, सकाळचं वजन, पायाच्या नडगीवर बोट दाबून खळगा राहतो का. चार दिवसांचं वजन ५५.१, ५५.४, ५५.५, ५५.९. खळगा नाही. लघवी दिवसाला दीड लिटरच्या आसपास, रंग फिका. क्रिएटिनिन १.२. जखमेचा तळ आता लालसर, दाणेदार दिसतो, डॉक्टर म्हणाले हाच रंग हवा होता.

काल आत्या आली होती. तिला वही दाखवली, आकडे वाचून दाखवले. ती गप्प ऐकत होती. जाताना तिने विचारलं, तिच्या नणंदेचं पुढच्या महिन्यात गर्भपिशवीचं ऑपरेशन आहे, तिला अशी एक वही आखून देशील का. एक शंका राहिली: लघवी मोजायला घरी काय वापरायचं? आम्ही अंदाजाने लिहितोय.

---

वॉर्डातली ताई | शुक्रवार, सकाळी १०:१५

लिटरची प्लास्टिकची पाण्याची बाटली घ्या, वरचा भाग कापा, कडा मेणबत्तीवर किंचित शेकून गुळगुळीत करा. औषधाच्या दुकानातून ५० मिलीची सिरिंज आणा, पन्नास-पन्नास मिली पाणी ओतत बाहेरून पर्मनंट मार्करने खुणा करा. पाचशेच्या खुणेला रेघ जाड काढा, बाबांना स्वतःला दिसेल अशी.